मन थाऱ्यावर नसते तेव्हा

दिनांक २७ जुलै २०२१. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या जिम्नॅस्टिक्सची सांघिक अंतिम फेरी चालू होती. (कोरोनाच्या साथीमुळे २०२० ची ही स्पर्धा एक वर्ष उशिरा भरली होती.) अमेरिकेची सिमोन बाइल्स व्हॉल्टसाठी धावत आली, पाठमोरी होऊन तिने टेबलावर हात टेकले आणि ती हवेत उसळली. शरीर ताठ ठेवून मागे एक कोलांटी घ्यायची आणि त्याच वेळी स्वतःभोवती अडीच गिरक्या घ्यायच्या, असा तिचा बेत होता. प्रत्यक्षात दीडच गिरकी झाली. ती कशीबशी पायांवर उतरली, पण हवेत असताना आपण नेमक्या कोठे आहोत हे तिला कळेनासे झाले होते. थोड्याच वेळात तिने त्या फेरीतून अंग काढून घेतले. पुढच्या दिवसांत सर्वसाधारण विजेतेपदाच्या आणि आणखी तीन वैयक्तिक अंतिम फेऱ्यांतूनही तिने माघार घेतली. शरीराला कोठेही जखम नव्हती. आपले मन ठिकाणावर नाही, हे कारण तिने उघडपणे सांगितले.

२०१६ साली रिओ येथे चार सुवर्णपदके मिळवणाऱ्या खेळाडूने असे सांगावे याचे अनेकांना नवल वाटले. काहींनी तिला भित्री ठरवले. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मानसशास्त्र हा माझा विषय नाही. पण ती एक उडी पदार्थविज्ञानाच्या चष्म्यातून पाहिली, तर बाइल्सचा निर्णय धैर्याचा होता की भित्रेपणाचा हा वाद बाजूला पडतो आणि तो हिशेबाने बरोबर होता एवढेच उरते. तो हिशेब आधी मांडू या.

टेबलावरून हात सुटले की खेळाडूच्या शरीरावर मुख्यतः एकच बल उरते, ते म्हणजे गुरुत्वाकर्षण. ते गुरुत्वमध्यातून जात असल्यामुळे शरीराला फिरवू शकत नाही आणि फिरणे थांबवूही शकत नाही. म्हणजे हात सुटतानाचा कोनीय संवेग जमिनीला पाय लागेपर्यंत तसाच राहतो. हात छातीशी घेतले तर गिरकी जलद होईल, फाकवले तर मंद होईल. खेळाडूच्या हातात आहे ते एवढेच. पण हात केव्हा फाकवायचे? जमीन कोणत्या बाजूला आहे हे कळेल तेव्हाच ना! ते कळण्यासाठी कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे आणि स्नायूंकडून येणारे संदेश यांची मेंदूत जुळणी व्हावी लागते, आणि तीही सुमारे एका सेकंदात. ही जुळणी अचानक विस्कटते तेव्हा जिम्नॅस्ट त्या अवस्थेला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. ती अवस्था इच्छाशक्तीने हटत नाही. उलट प्रत्येक हालचालीचा जाणीवपूर्वक विचार करू लागले की सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचाली अधिकच बिघडतात.

आता पडण्याचे गणित पाहा. गुरुत्वमध्य २ मीटर खाली आला असे धरा. जमिनीला टेकताना वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर असेल. गुडघे, घोटे आणि गादी यांनी मिळून हा वेग ४० सेंटिमीटर अंतरात शून्यावर आणला, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या ५ पट येते. तेच शरीर वेडेवाकडे उतरले आणि ५ सेंटिमीटरांत थांबले, तर हा आकडा ४० पट होतो. उडी तीच, उंची तीच, वजनही तेच. फरक फक्त पाय आधी टेकले की मान, एवढाच. बाइल्सने ज्या गोष्टीला नकार दिला ती ही होती.

नकार न देता आल्यास काय होते, याचेही उदाहरण त्याच खेळात आहे. सोव्हिएत संघाची येलेना मुखिना १९७८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी तिचा पाय मोडला. तो पुरता सांधला नसतानाच मॉस्को ऑलिंपिकसाठी तिचा सराव पुन्हा सुरू झाला. ‘थॉमस साल्टो’ नावाची एक अवघड कोलांटी तिला जमिनीवरच्या कसरतीत करायची होती. तिच्यात किंचित चूक झाली तरी मानेवर पडण्याची भीती असते. आपली भीती तिने बोलून दाखवली होती, पण ती कोणी मनावर घेतली नाही. थकलेल्या अवस्थेत, ऑलिंपिकला जेमतेम दोन आठवडे राहिले असताना, ३ जुलै १९८० रोजी मिन्स्क येथे सराव करताना ती पडली आणि तिच्या मानेचा मणका मोडला. तेव्हा ती वीस वर्षांची होती. २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती अंथरुणाला खिळून राहिली.

मुखिनाच्या अपघाताला दुखरा पायही कारण होता, हे खरे. सगळा दोष मनावर टाकणे अन्यायाचे होईल. पण ‘मला भीती वाटते’ हे तिचे वाक्य एखाद्या उपकरणावरच्या आकड्याइतके गंभीरपणे घेतले गेले असते तर? बॉयलरचा दाबमापक लाल रेषेवर गेला की आपण त्याला भित्रा म्हणत नाही.

हे झाले ऑलिंपिकचे. आपल्यापैकी किती जण हवेत गिरक्या घेतात, असे तुम्ही म्हणाल. मग एक सोपा प्रयोग करून पाहा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिचे शून्य तुमच्या अंगठा व तर्जनीच्या मध्ये, पण बोटांना न लागता असू द्या. त्याने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही पकडायची. पट्टी जितकी घसरली ते अंतर पडण्याच्या सूत्रात घातले की तुमचा प्रतिक्रियाकाल मिळतो. २० सेंटिमीटर म्हणजे ०.२० सेकंद, ३० सेंटिमीटर म्हणजे ०.२५ सेकंद. दहा वेळा करून सरासरी काढा. आता हाच प्रयोग शंभरातून सात-सात वजा करत, मोठ्याने आकडे म्हणत करा. माझ्या वर्गात दरवर्षी काही पट्ट्या सरळ जमिनीवर पडतात आणि हशा होतो.

वजाबाकी म्हणजे दुःख नव्हे, हे मान्य. पण घरात भांडण झाले असेल, निकालाची धास्ती असेल किंवा रात्रभर झोप नसेल, तर मेंदूत अशीच एक वजाबाकी सतत चालू असते. ती मोठ्याने म्हटली जात नाही, म्हणून शेजारच्याला ऐकू येत नाही. रस्त्यावरचा प्रसंग पट्टीपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचा असतो. तेथे आधी धोका दिसावा लागतो, मग तो ओळखावा लागतो आणि मग ब्रेक दाबावा लागतो. या कामात केवळ अर्धा सेकंद उशीर झाला असे धरा. ताशी १५ किलोमीटर वेगाची सायकल तेवढ्यात २ मीटर पुढे जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाची स्कूटर साडेपाच मीटर जाते, आणि तीही ब्रेक लागण्यापूर्वी. स्कूटरवाला वाईट चालक असतो असे नाही. त्या अर्ध्या सेकंदात तो रस्त्यावर नसतो, एवढेच.

या सगळ्याला आकड्यांचा आधार आहे काय? आहे, आणि तो बराच जुना आहे. १९६७ साली अमेरिकेत होम्स आणि राहे यांनी आयुष्यातल्या उलथापालथी मोजण्याची एक मोजपट्टी तयार केली. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, आणि लग्नाला ५० गुण! (म्हणजे आनंदाची घटनासुद्धा मनाला कामाला लावते, मोठ्या बहिणीचे किंवा भावाचे लग्न पाहिलेल्यांना हे पटेल.) याच मोजपट्टीत खेळाडूंना लागू पडतील असे बदल करून १९७५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची पाहणी झाली. गेल्या वर्ष-दोन वर्षांत ज्यांच्या आयुष्यात कमी उलथापालथ झाली होती, त्यांच्यापैकी ३० टक्क्यांना दुखापत झाली. मध्यम गटात हे प्रमाण ५० टक्के आणि सर्वाधिक उलथापालथीच्या गटात ७३ टक्के होते. पुढे १९८८ मध्ये जीन विल्यम्स आणि मार्क अँडरसन यांनी यामागची यंत्रणा सुचवली. ताणाखाली दृष्टीचे क्षेत्र आक्रसते, म्हणजे बाजूने येणारा खेळाडू उशिरा दिसतो. लक्ष भलत्याच गोष्टीकडे वळते. शिवाय नको ते स्नायू आवळले जातात, त्यामुळे शरीराचा लवचिकपणा जातो आणि तोल सावरत नाही.

तथापि, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ताण आणि दुखापत बरोबर आढळतात म्हणून मनावर उपचार केल्याने दुखापती कमी होतील, असे सिद्ध होते का? होत नाही. कदाचित तिसरेच काही, गरिबी म्हणा किंवा अपुरी झोप म्हणा, दोन्हींच्या मुळाशी असेल. यासाठी प्रयोग हवा. तसे प्रयोग झाले आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन रोइंग खेळाडूंचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाला ताण हाताळण्याचे पद्धतशीर शिक्षण मिळाले. या गटातील खेळाडूंचे दुखापतीत व आजारपणात गेलेले दिवस दुसऱ्या गटापेक्षा कमी भरले. २०१७ मध्ये स्वीडनचे इव्हार्सन आणि त्यांचे सहकारी यांनी अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली, आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. हे प्रयोग लहान आहेत. एका संघातले पंचवीस-तीस खेळाडू म्हणजे काही फार मोठी संख्या नव्हे. म्हणून मी त्यांच्यावर सगळा भार टाकणार नाही.

मला सर्वांत आवडलेला पुरावा वेगळ्याच क्षेत्रातला आहे. काही मुलांना व मोठ्यांनाही लक्ष एका जागी ठेवणे अतिशय अवघड जाते. डॉक्टर या स्थितीला एडीएचडी म्हणतात. अशा लोकांना अपघात अधिक होतात, हे ठाऊक होते. उपचारांनी ते घटतात का हे पाहण्यासाठी अमेरिकेतील तेवीस लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यातली युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. उपचार घेणाऱ्यांची तुलना न घेणाऱ्यांशी केली, तर दोन निरनिराळी माणसे येतात: एक शिस्तीचा, दुसरा बेफिकीर. म्हणून संशोधकांनी प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली. औषध चालू असलेले महिने एकीकडे आणि बंद असलेले महिने दुसरीकडे. माणूस तोच, स्वभाव तोच. औषध चालू असलेल्या महिन्यांत वाहन अपघातामुळे रुग्णालयात जावे लागण्याची शक्यता पुरुषांत ३८ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४२ टक्क्यांनी कमी आढळली. औषधे डॉक्टरांनीच द्यायची असतात, हे वेगळे सांगायला नको. माझा मुद्दा औषधाचा नाही. मनाचा उपचार हा हेल्मेटसारखा हाडांच्याही कामी येतो, हा आहे.

आता मी माझ्या मताकडे येतो. आपल्या शाळांत मुलांच्या शरीराची जी थोडीफार चौकशी होते, तिच्यात मनाला स्थान नाही. मैदानावर उतरण्यापूर्वी सर विचारतात, ताप आहे का, पाय दुखतो का. रात्री झोप झाली का, घरी सगळे ठीक आहे ना, हे विचारायची पद्धत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत आयोडीन असते, पट्ट्या असतात, क्वचित कात्रीही सापडते. पण ‘आज नको’ म्हणणाऱ्या मुलासाठी आपल्याकडे एकच औषध असते, आणि ते म्हणजे चेष्टा.

मी आठवीत असताना आमच्या शाळेत पुरलेला मल्लखांब होता. माझा एक वर्गमित्र त्यावर फार सफाईने चढत असे. एके दिवशी तो म्हणाला, “सर, आज नको. जमत नाही.” सर काही दुष्ट नव्हते; स्पर्धा जवळ आली होती. ते म्हणाले, “नाटकं नकोत, चढ.” आम्ही हसलो. हसणाऱ्यांत मीही होतो. दसरंग घेताना त्याची पकड सुटली आणि तो टेकलेल्या हातावर पडला. दीड महिना मनगट प्लास्टरमध्ये होते. त्याचे वडील दोन दिवसांपासून दवाखान्यात होते आणि तो रात्री त्यांच्याजवळ बसत होता, हे आम्हाला नंतर कळले. हात बरा झाला, पण तो पुन्हा मल्लखांबाकडे फिरकला नाही. या दुसऱ्या दुखापतीची कोणी दखल घेतली नाही. मोडलेल्या हाडाबरोबर मनही खचते, आणि प्लास्टर काढल्यावर खेळाडू भीत-भीत उतरला की पुन्हा पडण्याची शक्यता वाढते, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले.

यावर शिक्षक मित्र एक रास्त शंका काढतील. असे विचारत बसलो तर कामचुकार मुले रोज ‘मन लागत नाही’ म्हणतील. म्हणतील, थोडी म्हणतील. पण दोन्ही चुकांची किंमत मांडून पाहा. खोटे बोलणाऱ्याला एक दिवस सोडले, तर एका तासाचा सराव बुडतो. खरे बोलणाऱ्याला चढवले, तर दीड महिना जातो, कधी जन्म जातो. ज्या चुकीची किंमत मोठी ती टाळण्यासाठी लहान चूक पत्करणे यालाच इंजिनिअर सुरक्षा-गुणक म्हणतात. पुलावरून रोज जाणाऱ्या वजनापेक्षा कितीतरी अधिक वजन पेलेल असा पूल आपण बांधतो आणि त्या जादा लोखंडाला कोणी उधळपट्टी म्हणत नाही.

उलट बाजूने एक धोका आहे आणि तो मला अधिक सतावतो. ‘मानसिक त्रास असलेल्याला खेळू देऊ नका, गाडी चालवू देऊ नका, प्रयोगशाळेत घेऊ नका’, असा अर्थ कोणी या लेखातून काढला, तर माझी मेहनत फुकट गेली. तसे केले की मुले त्रास लपवू लागतील आणि लपवलेला त्रासच सर्वांत घातक. अमेरिकेतील त्या नोंदींत धोका घटला तो माणसे घरी बसवून नव्हे, त्यांना उपचार मिळाल्याने.

रेल्वेने हा विषय केव्हाच ओळखला आहे. सहायक लोको पायलट निवडताना लक्ष आणि निरीक्षण तपासणारी वेगळी अभिक्षमता चाचणी घेतात. भुसावळ, मनमाड, दौंडकडच्या वाचकांनी रनिंग रूम पाहिली असेल. बाहेरगावी गाडी पोचवून आलेल्या चालकाला तेथे जेवण आणि झोप मिळते, मगच त्याची पुढची गाडी. झोप ही तेथे चैन नसून सिग्नलइतकीच यंत्रणेचा भाग आहे. हजारो प्रवाशांसाठी जे मान्य, ते एका मुलाच्या मनगटासाठी अमान्य का असावे?

अर्थात प्रत्येक शाळेला समुपदेशक मिळणे आज तरी अवघड आहे. पण पहिली पायरी बिनखर्चाची आहे. सराव, सहल किंवा प्रयोग यांआधी एक प्रश्न, आणि ‘आज नको’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी दुसरे काम: गुण लिहिणे, गादी धरणे, वेळ मोजणे. त्रास दोन-तीन आठवडे टिकला, झोप व भूक बिघडली, तर घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलायला हवे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. तेथे मराठीतूनही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक शाळेच्या फलकावर अग्निशामक दलाच्या क्रमांकाशेजारी लिहायला हरकत नसावी.

बाइल्सचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. माघार घेतल्यानंतर आठवड्याने, ३ ऑगस्टला, ती बॅलन्स बीमवर उतरली. शेवटच्या उडीतून तिने गिरकी काढून टाकली होती. फक्त दोन सरळ कोलांट्या ठेवल्या, म्हणजे जे बिघडले होते तेवढेच वगळले आणि जे शाबूत होते ते वापरले. तिला कांस्यपदक मिळाले. त्यानंतर ती बराच काळ स्पर्धांपासून दूर राहिली. मानसोपचार तज्ज्ञाकडे आपण नियमितपणे जातो, हे तिने कधी लपवले नाही. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले. त्यांतले एक सुवर्ण व्हॉल्टचे होते.

आमच्या प्रयोगशाळेत एक ब्रेकेज रजिस्टर आहे. फुटलेले तापमापक, टवका उडालेले लोलक, एखाद्याच्या पायावर पडलेले अर्ध्या किलोचे वजन, सारे त्यात तारखेसह लिहिलेले असते. पूर्वपरीक्षेच्या निकालाच्या आसपास नोंदी दाटतात, असे मला कित्येक वर्षे वाटत आले आहे. पण वाटणे म्हणजे मोजमाप नव्हे. त्या दिवसांत प्रयोगांचे तासही जास्त असतात. म्हणून येत्या जूनपासून त्या रजिस्टरात मी एक रकाना वाढवणार आहे: ‘काल रात्री किती तास झोप झाली?’ उत्तर देणे ऐच्छिक राहील. न फोडणाऱ्यांनाही तोच प्रश्न विचारावा लागेल, नाहीतर तुलना कशाशी करणार? एखाद्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी मैदानावरच्या खरचटण्या-मुरगळण्यांची अशीच नोंद ठेवली, तर वर्षाअखेरीस दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहता येतील.